सोबतीचा करार आणि अकरावं कलम

आई एप्रिल २०२२ मध्ये गेली आणि ठाण्याला नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आप्पा, माझे वडील, एकटे उरले. मी कासारवडवलीला राहतो. अंतर फार नाही, पण घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू असताना संध्याकाळी तेवढ्याला सव्वा तास सहज जायचा. "आमच्याकडे चला" म्हणून आम्ही दोघांनी खूप सांगून पाहिलं. आप्पा ऐकेनात. मराठी ग्रंथसंग्रहालय, कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळीचा ठरलेला बाक, त्यांचं सगळं जग चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तब्येत बरी होती, त्यामुळे नर्सची गरज नव्हती. स्वयंपाकाला मावशी येत होत्या. नव्हतं ते फक्त बोलायला माणूस.

म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ज्येष्ठांना 'सोबती' पुरवणाऱ्या एका कंपनीशी करार केला. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास. सहा महिन्यांत १३० भेटी, प्रत्येकीचे ९०० रुपये, म्हणजे १,१७,००० रुपये आगाऊ. शिवाय २०,००० अनामत आणि ५,००० नोंदणी. एकूण १,४२,०००. चौदा पानांचा इंग्रजी करार मोबाइलवर आला. वागळे इस्टेटमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो वर-खाली सरकवला, ओटीपी टाकला आणि सही झाली. पाच मिनिटंही लागली नसतील. मोबाइलवरची सही कच्ची असते असा माझा समज होता. तो चुकीचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०-अ कलमानुसार, करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरत नाही.

पहिला मुलगा १६ जानेवारीला आला. पंचविशीचा, कळव्याहून यायचा, आप्पांना 'आजोबा' म्हणायचा. मोतीबिंदूमुळे आप्पांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, तो अग्रलेख वाचून दाखवायचा. मग रमीचे दोन डाव आणि संध्याकाळी तलावपाळी. आप्पा गणिताचे निवृत्त शिक्षक. खिशातल्या डायरीत रोज एक ओळ लिहायची सवय, त्यात हा मुलगा किती वाजता आला आणि किती वाजता गेला हेही येऊ लागलं. फेब्रुवारीत एकदा फोनवर त्यांचं हसणं ऐकू आलं. आई गेल्यापासून ते ऐकलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर कंपनीने त्याला न सांगता दुसरीकडे पाठवलं. पुढच्या सहा आठवड्यांत पाच वेगवेगळी माणसं आली. एक जण पूर्ण वेळ मोबाइल बघत बसायचा. अकरा दिवस तर कुणीच आलं नाही.

२७ एप्रिलला जो आला होता त्याने आप्पांना पाच वाजता तलावपाळीवर बसवलं, "आलोच" म्हणाला आणि दुसऱ्या ग्राहकाकडे निघून गेला. पाणी घरी राहिलेलं. पावणेसातपर्यंत वाट पाहून आप्पा एकटेच उठले, चक्कर आली आणि फुटपाथच्या कडेला पडले. तिथल्या चणेवाल्याने त्यांच्या डायरीतला माझा नंबर लावला. हाड मोडलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं, गुडघा सोलवटला होता. एक्स-रे आणि औषधांचे २,७०० रुपये झाले. त्या रात्री मी तिथेच झोपलो. आप्पा सारखं म्हणत होते, "त्याला ओरडू नकोस, लांबून येतो बिचारा."

३ मे रोजी ईमेल पाठवून करार संपवला आणि उरलेले पैसे मागितले. ९ मे रोजी उत्तर आलं, त्यात फक्त कलमांचे आकडे होते. चौथं कलम, कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही. नववं, कंपनी केवळ गाठ घालून देते, सोबती तिचा नोकर नाही. तेरावं, जबाबदारी फार तर एका महिन्याच्या शुल्काइतकी. सोळावं, वाद फक्त बंगळुरूमध्ये आणि तोही लवादापुढे, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचापुढे. अठरावं, सोबत्याला दोन वर्षांत परस्पर कामावर ठेवल्यास एक लाख रुपये दंड.

आणि अकरावं. त्याचा मराठी अर्थ मी आप्पांना वाचून दाखवला: मोबदला केवळ सोबत्याच्या वेळेचा आणि सहवासाचा आहे, त्या वेळेत याखेरीज जे घडेल ती दोन सज्ञान व्यक्तींमधली त्यांच्या संमतीची खाजगी बाब असून कंपनीचा तिच्याशी संबंध नाही. आप्पांचं पडणं कंपनीने या वाक्यात बसवलं होतं.

आप्पांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून ठेवला. "म्हणजे मी घरात काय आणलं होतं, असं यांचं म्हणणं आहे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतरचा महिनाभर आम्ही काहीच केलं नाही, आणि कारण खरं सांगायचं तर लाज हेच होतं. नातेवाइकांत एक-दोघांनी आधीच विचारलं होतं, "बापाशी बोलायला पैसे देऊन माणूस ठेवलास?" त्याची तक्रार करायची म्हणजे ते चारचौघांत मांडायचं. शेवटी बायकोनेच निक्षून सांगितलं की लाज वाटायची असेल तर ती माणसाला बाकावर सोडून जाणाऱ्याला वाटू दे.

१२ जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. दोन आठवड्यांनी कंपनीचं तेच उत्तर तिथेही आलं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. पण हा फोन फुकट जात नाही. आपण आधी सामोपचाराने प्रयत्न केला याचा तो कागद होतो.

१ जुलैला कोर्ट नाक्याजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. एका बैठकीचे २,००० रुपये. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सोबत म्हणजे नेमकी कसली?" मी गांगरलो. त्या शांतपणे म्हणाल्या की अकराव्या कलमामुळे हे विचारणं भाग आहे. परदेशातल्या एस्कॉर्ट एजन्सींच्या, म्हणजे 'सोबती'च्या नावाखाली बहुधा शरीरसंबंधासाठी माणसं पुरवणाऱ्यांच्या, जाहिरातींखाली असंच वाक्य असतं, कुणीतरी ते तिथून उचलून ज्येष्ठांच्या करारात चिकटवलेलं दिसतं.

मग त्यांनी जे समजावलं ते इथे नीट लिहितो, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो एक महिना वाया गेला नसता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं २३ वं कलम सांगतं की कराराचा हेतू किंवा मोबदला बेकायदा, अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तर तो करार रद्दबातल. घेरूलाल पारख खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने करारातली ही 'अनैतिकता' मुख्यतः लैंगिक बाबींपुरती मर्यादित मानली. म्हणजे शरीरसंबंधाचे पैसे ठरवणारा करार असेल तर कोर्ट तो उभाच करत नाही. पैसे देणाऱ्याला परतावा मागता येत नाही, घेणाऱ्याला थकबाकी मागता येत नाही. आणि खरा व्यवहार तोच असेल तर "हे फक्त वेळेचे पैसे" असं वाक्य घालून करार वाचत नाही, कारण कोर्ट व्यवहार काय होता ते बघतं, त्याला नाव काय दिलं ते नाही. "तुमच्या वडिलांना कुणी पेपर वाचून दाखवणं, फिरायला नेणं यात अनैतिक काहीच नाही. तो सरळ सेवेचा करार आहे, आणि सेवा दिली नाही तर दाद मागता येते. ते वाक्य तुमच्या वडिलांना लागू पडत नाही, आणि बाकावर सोडून जाण्याला तर मुळीच नाही."

हे वाक्य मी घरी जाऊन आप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

बाकीच्या कलमांबद्दलही त्या एकेक करून बोलल्या. बंगळुरूचं कलम आमच्या आड येणार नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या ग्राहक आयोगात जाण्याची मुभा दिली आहे, १९८६ च्या कायद्यात ती नव्हती. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात मान्य केलं. हात झटकणाऱ्या कलमांबद्दल त्यांनी दिल्लीतल्या एका गाडीची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीने टाळता येणार नाही.

पण त्यांनी भलतीच आशाही दाखवली नाही. तेराव्या कलमासारखी, जबाबदारीला रकमेची मर्यादा घालणारी कलमं टिकू शकतात. १९९६ मध्ये एका कुरियर कंपनीच्या खटल्यात, सही केलेल्या पावतीवरची शंभर डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली होती. त्यामुळे भरपाईपेक्षा न मिळालेल्या सेवेचा परतावा यावर जोर द्या, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक खाचखळगा मला स्वतःला कधीच कळला नसता. ग्राहक कायद्यात 'अन्यायकारक करार' अशी वेगळी व्याख्या आहे आणि आमचा करार तिच्यात बसण्यासारखा होता. कंपनी कधीही, कारण न देता करार मोडू शकत होती, आम्ही नाही. पण करार अन्यायकारक ठरवून कलम रद्द करून घ्यायचं असेल तर थेट राज्य आयोगाकडे, मुंबईला जावं लागतं. जिल्हा आयोगात तक्रार करायची तर ती सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडायची. आम्ही ठाणे निवडलं. आप्पांना प्रत्येक तारखेला मुंबईला नेणं शक्य नव्हतं, आणि त्यांना यायचं होतं.

नोटीस त्यांच्याकडून लिहून घेतली, ४,००० रुपये. २० जुलैला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. उत्तर आलं नाही. पुढचं सगळं आम्हीच केलं, ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही.

कागद जमवताना कळलं की आमचा खरा पुरावा आप्पांची डायरी. १६ जानेवारी ते २७ एप्रिल, कामाचे ७४ दिवस. प्रत्येकासमोर वेळ आणि आलेल्या माणसाचं नाव. अकरा दिवसांपुढे फक्त एक शब्द: 'आला नाही.' म्हणजे झालेल्या भेटी ६३, राहिलेल्या ६७, गुणिले ९००, बरोबर ६०,३०० रुपये. हा हिशेब आप्पांनी फळ्यावर लिहावा तसा मोठ्या अक्षरांत मांडला आणि तोच कागद आम्ही तक्रारीला जोडला. तुम्ही आई-वडिलांसाठी असं कुणी ठेवत असाल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कंपनीच्या ॲपमधल्या हजेरीवर अवलंबून राहू नका, करार संपवल्यावर आमचं लॉगिन बंद झालं होतं.

९ ऑक्टोबर २०२३ ला ई-दाखिल पोर्टलवर तक्रार भरली. (१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल आलं आहे.) सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची, म्हणजे आम्ही वेळेत होतो. तक्रारदार म्हणून मी आणि आप्पा दोघं, कारण पैसे माझे आणि सेवा त्यांच्यासाठी. तक्रार मराठीत लिहिली. पहिल्या छाननीत त्रुटी निघाल्या: पानांना क्रमांक नाहीत, तारखांची यादी नाही, शपथपत्र नोटरी केलेलं नाही. शिवाय व्हॉट्सॲप संदेशांसाठी पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालचं प्रमाणपत्र जोडा असं वकीलबाईंनी फोनवर सुचवलं. (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ झालं.) सगळं दुरुस्त करायला तीन आठवडे गेले. तक्रारीच्या प्रती सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या, संख्येपेक्षा दोन जास्तच काढून ठेवा, दर वेळी झेरॉक्ससाठी खाली पळावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये तक्रार दाखल करून घेतली गेली आणि कंपनीला नोटीस निघाली. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, द्यायची, आयोगाने वाढवली तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एकही दिवस वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. कंपनीच्या वकिलांनी कैफियत आणली ती बावन्नाव्या दिवशी. मला तारखा पाठ होत्या, कारण टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून पोच मिळाल्याचा कागद मी त्याच आठवड्यात काढून ठेवला होता. ही संकेतस्थळावरची नोंद नंतर दिसेनाशी होते, तेव्हा हे लगेच करा. कैफियत रेकॉर्डवर घेतली गेली नाही. म्हणून आपण आपोआप जिंकतो असं मात्र नाही. आपलं म्हणणं आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, आणि कायद्याच्या मुद्द्यावर समोरचे बोलू शकतात.

मध्यस्थीसाठी एक तारीख लागली. कंपनीने तीस हजार देऊ केले, बाहेर कुठेही न बोलण्याच्या अटीवर. मी खरंच डळमळलो. कार्यालयातून अर्धा दिवस सुट्टी काढून काढून थकलो होतो. आप्पा म्हणाले, "तीस चालतील. पण अकरावं कलम तुमच्या करारातून काढा आणि तसं लिहून द्या. उद्या दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याने ते वाचायला नको." समोरचे वरिष्ठांना विचारतो म्हणाले. पुढच्या तारखेला उत्तर आलं, कराराचा मसुदा बदलता येणार नाही. मध्यस्थी तिथे संपली. मला आप्पांचा फार अभिमान वाटला, आणि पुढच्या तारखांची काळजीही.

मग पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तारखा. २०२४ चं वर्ष त्यात गेलं. जाल तेव्हा सकाळी फलकावरचा आपला क्रमांक टिपून घ्या आणि निघताना रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं ते बघा. एकूण नऊ वेळा गेलो, पाच वेळा आप्पा बरोबर होते. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली न्यायचो.

अंतिम युक्तिवाद फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. कंपनीच्या वकिलांचा भर दोन गोष्टींवर होता. एक, अपेक्षेप्रमाणे कुरियरचा निकाल. दुसरी, सोबती स्वतंत्र असल्यामुळे हा 'वैयक्तिक सेवेचा करार' आहे आणि तो ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे. याचं उत्तर मी पाठ करून गेलो होतो. डॉक्टरांच्या सेवेबद्दलच्या व्ही. पी. शांता निकालात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने मालक-नोकराच्या नात्यातली वैयक्तिक सेवा आणि मोबदला घेऊन पुरवलेली सेवा यांत फरक केला आहे. आम्ही त्या मुलाचे मालक नव्हतो. कोण येणार, कधी बदलणार, हे सगळं कंपनी ठरवत होती आणि पैसेही तीच घेत होती. आवाज कापत होता, पण बोललो.

१८ मार्च २०२५ ला आदेश झाला. तक्रार अंशतः मान्य. ६७ भेटींचे ६०,३०० आणि अनामतीचे २०,००० परत, तक्रारीच्या तारखेपासून सहा टक्के व्याजासह. औषधांचे २,७००. मानसिक त्रासाचे १०,०००, खर्चाचे ५,०००. तेरावं कलम परताव्याला लावता येत नाही, कारण न दिलेल्या सेवेचे पैसे परत करणं म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, असं त्यात नमूद आहे. नोंदणीचे पाच हजार मिळाले नाहीत. पडण्याबद्दल वेगळे पन्नास हजार मागितले होते, तेही नाहीत. चक्कर त्याच कारणाने आली असा डॉक्टरांचा कागद आमच्याकडे नव्हता. तेव्हा इस्पितळात कसं पडले हे नोंदवून घ्यायचं मला सुचलं नाही, याची हळहळ वाटते. अकराव्या कलमावर आयोगाने काही म्हटलं नाही, आम्ही त्या दाराने गेलोच नव्हतो.

पहिल्या मुलाच्या जाण्याचं काय, हा प्रश्न आप्पांनी मला आदेश वाचून झाल्यावर विचारला. दोन महिने जमलेली सोबत एका दिवसात काढून घेतली, त्याचा उल्लेख तक्रारीत एका ओळीत होता. करारात कंपनीला माणूस बदलण्याचा अधिकार होता, त्यामुळे त्यावर मागण्यासारखं काही नव्हतं.

आदेश होऊन पंचेचाळीस दिवस झाले तरी पैसे आले नाहीत. कंपनीने अपीलही केलं नाही. जूनमध्ये वसुलीची दरखास्त आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या ७२ व्या कलमाखालचा अर्ज दिला. आदेश न पाळल्यास त्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही आहेत. नोटीस गेली आणि जुलैत व्याजासह सुमारे एक लाख सहा हजार रुपये खात्यात जमा झाले. आमचा खर्च, वकीलबाई, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा धरून अकरा हजारांच्या आसपास.

त्या मुलाचा नंबर आप्पांच्या डायरीत होताच. अठराव्या कलमातली दोन वर्षंही उलटली होती. तसा तो लाखाचा दंडही जसाच्या तसा वसूल झाला नसता, करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाईपुरतीच मुभा देतं. मुलगा आता भिवंडीत एका गोदामात नोकरी करतो. रविवारी सकाळी येईन म्हणाला. या वेळी त्याला थेट आप्पाच ठेवणार, म्हणजे ही मात्र वैयक्तिक सेवा, उद्या काही बिनसलं तर ग्राहक आयोग नाही. म्हणून आप्पांनी स्वतः एक पानी करार लिहिला, मराठीत, मुलाला वाचून दाखवत. वेळ दहा ते एक, सहाशे रुपये, येणं जमणार नसेल तर आदल्या रात्री फोन, बाहेर असताना सोडून जायचं नाही, दोघांपैकी कुणालाही थांबायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगायचं.

ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प पेपर चालत नाही, पाचशेचा लागतो. तो आणायला आम्ही दोघं कोर्ट नाक्यावर गेलो. विक्रेत्याने रजिस्टर पुढे ओढलं, आप्पांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "कशासाठी?"

"सोबतीसाठी," आप्पा म्हणाले. त्याला नीट ऐकू गेलं नाही, तेव्हा मोठ्याने पुन्हा सांगितलं.